पान कुठलं काढू?

माझं झेरॉक्सचं दुकान सांगलीत, गावभागाच्या कडेला आहे. २०१९ ला कृष्णामाई शटरच्या वरपर्यंत आली, २०२१ ला पुन्हा आत शिरली. त्यामुळे पुरावर मत असायला मला वेगळी पात्रता लागत नाही. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिनही मीच. पहिल्या पुरात दूध, मेणबत्त्या आणि शुगरच्या गोळ्यांची यादी माझ्या फोनवर होती. पाणी ओसरलं, यादी संपली, अ‍ॅडमिनपद तेवढं अंगाला चिकटून राहिलं.

हे प्रकरण त्या ग्रुपवरच्या एका भांडणाचं आहे. भांडणारी माणसं समोरासमोर राहतात आणि अजून रोज एकमेकांना दिसतात, म्हणून नावं घालत नाही. वयानं सगळ्यांत मोठे ते आबा. पुण्यात नोकरीला असलेला, सणासुदीला येणारा पोरगा तो इंजिनिअर. गल्लीतही त्याला याच नावानं हाक मारतात. आणि गणिताचे क्लास घेणाऱ्या वहिनी, ज्या फार कमी बोलतात पण बोलल्या की ग्रुप थोडा वेळ गप्प बसतो.

विषय अर्थातच आलमट्टीचा

पावसाळ्यात सांगलीकराला दोन आकडे तोंडपाठ असतात. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका. पूल १९२९ चा, पण नदी किती चढली हे आजही माणूस "आयर्विनला किती?" असंच विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या प्रश्नाचं उत्तर ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

तिसरा आकडा भांडणाचा: ५१९.६० मीटर. सांगलीच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात कृष्णेवर जे आलमट्टी धरण आहे, त्याची ही पूर्ण साठ्याची पातळी. तिथं पाणी अडवलं की इथं पूर चढतो, असं आमच्याकडे बरेच जण मानतात. २००० मध्ये सुप्रीम कोर्टानं तिथवर पाणी साठवायची वाट मोकळी केली. पुढे कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१० च्या निकालात ५२४.२५६ मीटरला परवानगी दिली. प्रत्यक्षात साठा अजून ५१९.६० लाच थांबतो. तरी दर पावसाळ्यात ग्रुपवर कुणीतरी "आलमट्टी ५२४ ला नेली" असं लिहितं आणि खाली बातमीचं कात्रण जोडतं. कात्रणात शब्द असतो "परवानगी", वर लिहिणाऱ्याचा शब्द असतो "नेली". कात्रण खरं असतं म्हणून कुणी वरचा शब्द तपासत नाही. ही सवय लक्षात ठेवा, पुढच्या भांडणाचं मूळ तिच्यातच आहे.

२०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. पूर प्रचंड पावसानं आला, नदीपात्रातल्या अतिक्रमणांनी त्यात भर घातली, आलमट्टीला जबाबदार धरता येत नाही, असा समितीचा सूर. आमच्याकडे तो बऱ्याच जणांना पटला नाही आणि अजूनही पटत नाही.

ती रात्र

२०२१ नंतरचा एक पावसाळा. आयर्विनला पाणी चाळिशीकडे सरकत होतं, कोयनेतून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या येत होत्या, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांनी गाद्या माळ्यावर टाकल्या होत्या. साडेनऊच्या सुमाराला आबांची व्हॉइस नोट आली. आबा टाइप करत नाहीत. "आलमट्टीचा फुगवटा आहे हा. खालनं वाट न्हाई म्हणून पाणी वर चढतंय. तीन पूर बघितलेत मी, मला कुणी शिकवू नये."

दोन मिनिटांत इंजिनिअरनं समितीच्या अहवालाची जाडजूड पीडीएफ टाकली. खाली चार शब्द: "आधी वाचा. मग बोला."

मला वाटतं, भांडण या चार शब्दांनी पेटवलं, पीडीएफनं नाही. आबांच्या पुतण्यानं लिहिलं, "पुण्यात बसून आम्हाला पूर शिकवू नकोस." त्यावर "मत नको, पुरावा द्या." त्यावर आणखी दोन पीडीएफ, एक यूट्यूबची लिंक, एक कात्रण. मग इंजिनिअरनं त्याचा हुकमी एक्का काढला: "नेटवर बघा. सांगलीची उंची ५४९ मीटर. आलमट्टीची पातळी ५१९.६०. पाणी तीस मीटर डोंगर चढून येतं का ओ?" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

अकराच्या सुमाराला एकानं मोबाईलमधल्या एआयला विचारून आलेलं लांबलचक उत्तर चिकटवलं. एरवी हा माणूस "व्हय" आणि "बगू" यापलीकडे लिहीत नाही. त्या दिवशी तो "सदर बाबीचा सर्वंकष विचार करता" असं लिहायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोनंच ग्रुपवर विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?" तेवढाच काय तो विनोद.

खरा घोळ पुढे झाला. २०१९ च्या वेळी काय परिस्थिती होती हे दाखवायला कुणीतरी त्या वर्षीचा जुना मेसेज पुढे ढकलला: "आज सायंकाळी सहा वाजता आयर्विन ५७ फूट." तारीख नाही, वर्ष नाही, "हा जुना आहे" असा शब्द नाही. वादात मधे असणाऱ्यांना संदर्भ कळला. रात्रपाळीहून आलेल्या, मधलं काही न वाचलेल्या एका घराला कळला नाही. बारा वाजता त्यांनी फ्रिज जिन्यावरून वर न्यायला घेतला आणि तो दुसऱ्या वळणावर अडकला. फ्रिज वर जाईना, खाली येईना, त्याच्या पलीकडे आजी. एक वाजता मी ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन" वर टाकला आणि चौघांना फ्रिज ओढायला धाडलं.

आबा दुकानात आले

सकाळी नऊला आबा दुकानात हजर. हातात फोन, स्क्रीनवर तीच पीडीएफ. "पोरी, हे छापून दे. मोबाईलवर अक्षर मुंगीएवढं दिसतंय."

मी पानांचा आकडा बघितला आणि हिशोब सांगितला. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सगळं कशाला? आलमट्टीचा दोष न्हाई असं ज्या पानावर लिवलंय, तेवढंच पान काढ."

रास्त मागणी. मी इंजिनिअरला फोन लावला. म्हटलं, आबा उभे आहेत, पान कुठलं काढू?

पलीकडे शांतता. मग, "ताई, ते… निष्कर्षात असेल बघा."

"असेल, का आहे?"

"मी पूर्ण वाचलेलं नाही ओ. बातमी वाचली होती. पीडीएफ कॉलेजच्या ग्रुपवर आली होती, ती पुढे टाकली."

फोन स्पीकरवर होता. आबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "म्हंजे त्यानंबी वाचलं न्हाई, आन मला वाच म्हणतोय," एवढं बोलून बाकड्यावर बसले.

इथे मी आबांची बाजू घ्यायला हवी होती, गिऱ्हाईक समोर होतं. पण मला पुतण्याचा मेसेज आठवला आणि मी उलट विचारलं, "आबा, तुम्ही नेमकं काय बघितलं?" ते म्हणाले, फुगवटा बघितला. म्हटलं, फुगवटा डोळ्याला कसा दिसतो? डोळ्याला काय दिसलं ते सांगा.

त्यांना वेळ लागला. मग सांगायला लागले ते असं: २०१९ ला पाऊस थांबल्यावरही पाणी हलत नव्हतं. त्यांच्या दारालगतच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटच्या तीन रेघा आहेत, प्रत्येक रेघेशेजारी वर्ष. सगळ्यांत वर २०१९, खाली २००५ आणि २०२१ एकमेकींच्या जवळ. २०१९ च्या वेळी ते माडीवरून जिन्याच्या पायऱ्या मोजत होते. ऊन पडलं तरी दिवसाला जेमतेम एखादी पायरी मोकळी व्हायची. "२००५ लाबी थांबलं होतं. पण हे लईच चिकट पाणी."

म्हणजे आबांनी आलमट्टी बघितलीच नव्हती. त्यांनी बघितलं होतं उतरायला नकार देणारं पाणी. आलमट्टी त्यांनी त्याला जोडली होती.

रंगवलेली पानं

त्या दुपारी वीज होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. मी रात्रीचं सगळं चॅट एक्स्पोर्ट करून छापलं आणि हायलायटर घेऊन बसले. जे दुसरीकडून आणलेलं होतं, म्हणजे पीडीएफ, कात्रण, नेटवरचा आकडा, ते पिवळं केलं. जे स्वतः बघितलेलं ते हिरवं. जे या दोन्हींवरून माणसानं स्वतः काढलेलं अनुमान, ते तसंच पांढरं.

पिवळ्या आणि हिरव्या ओळींवर कुणाचंच भांडण नव्हतं. आबा समितीनं तसं लिहिलंय हे नाकारत नव्हते, इंजिनिअर पाणी थांबलं होतं हे नाकारत नव्हता. सगळी आग पांढऱ्या ओळींत होती. पण ग्रुपवर ती पांढरी दिसत नव्हती. आबांची पांढरी ओळ हिरवं पांघरूण घेऊन आली होती ("मी बघितलंय"), इंजिनिअरची पिवळं ("नेटवर बघा").

तीस मीटरची वजाबाकी घ्या. दोन्ही आकडे त्यानं आणलेले, वजाबाकी बरोबर, निष्कर्ष मात्र घरचा. पहिली गोष्ट, ५४९ मीटर ही कुठल्या सांगलीची उंची? विश्रामबागची, गावभागाची, की नदीच्या तळाची? नदीचं भांडण आहे, तर नदीचा तळ धरायला हवा, आणि तो शहराच्या उंचीपेक्षा चांगलाच खाली आहे. दुसरी गोष्ट मला गल्लीतल्या एका निवृत्त पाटबंधारेवाल्या काकांनी गटारीवर दाखवली. चौकातलं तोंड तुंबलं की पाणी फक्त तोंडाच्या उंचीएवढं थांबत नाही. मागून येतच असतं, त्यामुळे मागे मागे पातळी चढत जाते आणि वरच्या बाजूला ती तोंडापेक्षा उंच असते. तळं सपाट असतं, वाहती नदी सपाट नसते. त्यामुळे नुसत्या वजाबाकीनं फुगवटा खोटा ठरत नाही. काका लगेच पुढे म्हणाले, "पण खराही ठरत नाही हं. कुठवर चढेल ते उतार, अंतर आणि पाणी किती येतंय यावर. त्याचं गणित करावं लागतं, गटारीकडं बघून होत नाही." हे दुसरं वाक्य आबांना सांगताना मी मुद्दाम गाळलं नाही.

दुसरं जे कागदावर दिसलं ते असं, की दोघे एका प्रश्नाची उत्तरं देतच नव्हते. अहवालातला जो निष्कर्ष फिरत होता तो पूर कशानं आला याचा. आबांचा अनुभव पाणी का उतरेना याचा. आणि उतरण्याला सांगलीत अडचणी कमी नाहीत: उतार मंद, नदीची वळणं, लगेच खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या दोघी भरून वाहत असल्या की कृष्णेला खाली जागा कुठली? यातलं आलमट्टीचं माप किती, हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. रात्रभरात तो कुणी विचारलाच नव्हता.

शब्दांचीही गंमत होती. इंजिनिअर सगळीकडे "बॅकवॉटर" लिहीत होता, आबा "फुगवटा" म्हणत होते. गोष्ट एकच. पण त्याच्या डोक्यात धरणामागचं सपाट, शांत पाणी होतं, त्यांच्या डोक्यात रेटा देऊन चढणारी नदी. दोघांनीही आपल्या शब्दाचा अर्थ एका ओळीत सांगितला असता तर अर्धी रात्र वाचली असती.

स्वतःच्या शब्दांचीही ठेच

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी पीडीएफवाल्यांच्या विरोधात आहे. तर त्याच चॅटमधला दुसरा नमुना सांगते. एका भाऊंनी पूररेषेबद्दल अगदी साध्या मराठीत लिहिलं होतं: "लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा पूर. २०१९ ला येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत." कसलाही कागद न जोडता, स्वतःच्या शब्दांत, कुणालाही कळेल असं. आणि चूक.

निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा, लाल शंभर वर्षांतून एकदा, हे सरकारी भाषेतलं बरोबर. पण त्याचा अर्थ दर वर्षी तेवढा पूर यायची शक्यता शंभरात एक, असा आहे. पूर काही कॅलेंडरवर खूण करून जात नाही. वहिनींनी दुसऱ्या दिवशी मला हिशोब करून दाखवला: दर वर्षी शंभरात एक धरली तर तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी यायची शक्यता चारात एकाहून जास्त होते. भाऊंनी मूळ व्याख्या जशीच्या तशी टाकली असती तर निदान "निवांत" हा शब्द तिच्यात सापडला नसता.

वहिनींचं स्वतःचं त्या रात्रीचं एकमेव योगदान मात्र मला सगळ्यांत आवडलं. कुणीतरी विचारलं होतं, आलमट्टीत पाणी मावतं १२३ टीएमसी, मग तिथून पाच लाख क्युसेक सोडतात कुठून? वहिनींनी लिहिलं: "टीएमसी म्हणजे टाकी, क्युसेक म्हणजे नळ. एक लाख क्युसेकचा नळ दिवसभर चालला तर ८.६४ टीएमसी जातं. गुणून बघा." लिंक नाही, पीडीएफ नाही. लागतही नव्हती. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसाचे सेकंद ८६,४००, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. बाकी ज्याच्या त्याच्या फोनमधला कॅल्क्युलेटर. जे वाचणारा बसल्या जागी पडताळू शकतो त्याला साक्षीदार कशाला हवा? तीस मीटरच्या वजाबाकीला हवा होता, कारण तिच्यात आकड्यांखेरीज नदी कशी वागते याचंही एक गृहीत लपलेलं होतं.

ग्रुप पुन्हा उघडला

दोन दिवसांनी ग्रुप उघडताना मी एवढंच लिहिलं, की कागद टाकणाऱ्यानं त्यात काय आहे ते दोन ओळींत आपल्या भाषेत लिहावं आणि पान सांगावं. बघितलेलं सांगणाऱ्यानं कधी, कुठून बघितलं ते सांगावं. आणि "म्हणजे" च्या पुढचं आपलं आहे हे कबूल करावं. जुना मेसेज असेल तर आधी "जुना" लिहायचं, नाहीतर फ्रिज उतरवायला त्यानंच यायचं.

शेवटची अट तेवढी सगळ्यांनी पाळली. बाकीच्यांचं म्हणाल तर मिश्र. मेसेज कमी झाले, हे नक्की. त्यातला काही भाग शहाणपणाचा आणि काही नुसत्या कंटाळ्याचा असावा. एका सरांनी "आम्ही काय परीक्षेला बसलोय का" म्हणत ग्रुप सोडला, आणि त्यांचं सगळंच चूक नव्हतं. मध्यरात्री घाबरलेल्या माणसाला पान नंबर मागणं हा दुष्टपणा आहे. पाणी दारात असताना "वरच्या गल्लीत या" एवढंच बोलायचं असतं. हा नियम मी लिहिताना माझ्या लक्षात आला नव्हता, नंतर घातला.

इंजिनिअरनं आठवडाभरानं मला फोन केला. दोन ओळी लिहायला बसला होता. म्हणाला, "ताई, बातमी वाचून वाटलं होतं सगळं कळलंय. लिहायला गेलो तर 'आलमट्टी जबाबदार नाही' याच्या पुढं माझी दुसरी ओळच येईना. कशावरून जबाबदार नाही, ते मला सांगताच येईना." मग त्यानं अहवाल उघडला. सगळा वाचला असं तोही म्हणत नाही.

गणपतीला तो आला तेव्हा टेप घेऊन आबांच्या दारात गेला. पायरीपासून तिन्ही रेघा मोजल्या, टेप धरून फोटो काढले. तांबडा रंग एका ठिकाणी पोपडा होऊन सुटलाय. पुतण्याच्या लग्नात घराला रंग दिला तेव्हा आबांनी रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला लावली होती, त्यामुळे भिंत तिथं एखाद्या जुन्या पाटीसारखी दिसते. फोटोंखाली त्यानं ग्रुपवर लिहिलं: "या रेघा आबांनी पाणी असताना ओढलेल्या. पाणी किती चढलं ते यावरून कळतं. किती दिवस राहिलं ते कळत नाही, ते आबांच्या तोंडून. अहवालातली दोन पानं सोबत टाकतोय, माझ्या समजुतीप्रमाणे ती फक्त पूर कशानं आला यावर बोलतात."

आबांची व्हॉइस नोट रात्री आली. "दिवस मी लिवून ठिवलेत की. कॅलेंडरच्या मागं हायत. कुणी इचारलंच न्हाई."

सकाळी ते २०१९ चं कॅलेंडर घेऊन दुकानात आले. ऑगस्टच्या पानामागं पेन्सिलीनं पायऱ्यांचे आकडे होते, तारखेवार, काही ओलीनं फिकट झालेले. काच पुसून मी ते मशीनवर पालथं ठेवलं आणि विचारलं, "किती प्रती?"